फुलपात्राशेजारची सावली

चित्र टपालाने आलं तेव्हा मी ऑफिसात होते. बाबांनी खोकं एकट्यानेच उघडलं. संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तर सुतळीचं वेटोळं झालेलं, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक घडी घालून कपाटावर गेलेलं, असा सगळा बंदोबस्त आधीच उरकला होता. चित्र जेवणाच्या एका खुर्चीत पाठीला टेकवून बसवलं होतं आणि त्याच्यासमोर सहा फुटांवर दुसऱ्या खुर्चीत बाबा बसले होते.

मी चपला काढत होते तोच ते म्हणाले, "सावली चुकलीय."

माझा धाकटा भाऊ वारला त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. हे चित्र आयर्लंडमधल्या त्याच्या घरमालकिणीने काढून पाठवलं होतं आणि त्यात त्याचं फुलपात्र होतं. ते बघून बाबांना सुचलेलं पहिलं वाक्य हे.

मला राग आला. पण बाबांवर रागावण्याचा मला छपन्न वर्षांचा सराव आहे, त्यामुळे मी आधी चहा टाकला.

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. वर्ध्याकडून तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि चौतीस वर्षं एकाच शाळेत मुलांना वस्तुचित्र शिकवत राहिले. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा माहीत असतात. स्टुलावर एक बादली, एक बाटली, दोन वांगी, मागे चुण्या पाडलेला कपडा, आणि समोर घामेजलेली पोरं. त्या परीक्षांना बाबांनी किती मुलं बसवली याची गणती नाही. तेव्हा आम्ही विश्रांतवाडीला दोन खोल्यांत राहत होतो आणि दर रविवारी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ स्टूल मांडलं जायचं. आई, मी आणि भाऊ आतल्या खोलीत. पाणी प्यायला, संडासला, कुठेही जायचं तर त्या स्टुलापुढून जावं लागे, आणि कुणीही गेलं की बाबांचा आवाज यायचा, "उजेड सोड!"

मी वाकून, भिंतीला घासून जायला शिकले. भाऊ कधीच शिकला नाही. त्याला दुधाचं फुलपात्र घेऊन खिडकीत उभं राहायची सवय होती. आळंदी रोडवरच्या गाड्या मोजत तो तिथे उभा राहायचा आणि त्याची सावली वांग्यांवर पडायची. दहा मिनिटांत तीनदा बाबा ओरडायचे. तो बाजूला व्हायचा आणि पुन्हा सरकत सरकत तिथेच यायचा.

ते फुलपात्र आईने त्याच्या बारशाला घेतलं होतं, स्टीलचं, आणि भांड्यांच्या दुकानातून त्यावर त्याचं नाव घालून घेतलं होतं. आमच्या घरातली सगळी भांडी अशी नावांची होती. कुठलं भांडं शेजारी गेलं आणि परत आलं नाही, तर आई नाव घेऊन ते मागून आणायची. आई गेली, भांडी इकडेतिकडे वाटली गेली, पण हे एक फुलपात्र भावाने आयर्लंडला जाताना सामानात टाकलं. तिथे प्यायला भांडी मिळत नाहीत का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, मिळतात, पण ती कुणाच्याच नावाची नसतात.

आता बाबांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या खोडीपायी झालं. ते कुणाच्याही चित्रात हात घालायचे. मूल चित्र काढत असलं की मागे येऊन उभे राहायचे, मग त्याच्या खांद्यावरून हात पुढे यायचा, हातात फोर-बी पेन्सिल, आणि बादलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ एका झटक्यात सरळ व्हायचं. विचारणं वगैरे काही नाही. मुलांना ते आवडायचं, कारण चित्र सुधारायचं आणि ग्रेड मिळायची. भावाला आवडायचं नाही. नववीत असताना त्याने सरावासाठी एक तांब्या आणि दोन पेरू काढले होते. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद अजून आहे. तांब्या जरा कलला होता, पण चांगला होता, बोलका होता. बाबांनी त्याचं तोंड नीट केलं, पोट नीट केलं, मग सावली नीट केली. भाऊ शेजारी उभा होता. बाबांनी पेन्सिल खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "आता हे तुमचं झालं," आणि कागद स्टुलावर ठेवून खेळायला निघून गेला.

तो परीक्षेला बसलाच नाही. चित्रकलेच्या सरांचाच मुलगा बसला नाही म्हटल्यावर शाळेत जे बोलणं व्हायचं ते झालं. बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, पण ते पावसाबद्दल, विजेच्या बिलाबद्दल, बसच्या पासाबद्दल. तो इंजिनिअर झाला, हिंजवडीला लागला, मग चाळिशी जवळ आली असताना आयर्लंडला गेला. लग्न त्यानेही केलं नाही आणि मीही केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे आता थकले आहेत. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि बाबा विचारायचे,

"पाऊस आहे का?"

"आहे."

"स्वेटर घाल."

बाबांचं आणि त्याचं बोलणं एवढंच. मग फोन माझ्या हातात.

तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात तो एका सत्तरीच्या बाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहायचा. बाई चित्रकार. त्या फक्त वस्तूंची चित्रं काढतात, असं तो मला हसत सांगायचा. "अंडी, चंबू, लिंबू. अगं, मी विश्रांतवाडीहून निघालो आणि परत स्टुलापुढेच येऊन बसलो." हे बाबांना सांगू नकोस, असंही म्हणायचा. मी सांगितलं नाही.

एका सकाळी कामाला निघताना तो त्या घराच्या जिन्यात कोसळला. हृदय. सेहेचाळीस वर्षांचा होता. माझा व्हिसा वेळेत झाला नाही, त्यामुळे अंत्यसंस्कार मी मोबाइलवर पाहिले. बाबांना बोलावलं तर ते गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. मी दोनदा हाक मारली. त्यांनी सगळे कपडे काढले, घड्या घातल्या, माझे वेगळे, त्यांचे वेगळे, आणि तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं. अस्थी त्याचा एक सहकारी घेऊन आला. आळंदीला इंद्रायणीवर गेलो तेव्हा बाबा गाडीतून उतरले नाहीत.

त्यानंतर कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ते म्हणायचे, "तो तिकडे असतो." डोकं शाबूत होतं. पेपरातलं कोडं रोज सुटत होतं. फक्त एवढ्या एका गोष्टीत ते जागचे हलत नव्हते. त्याचा फोटो लावू द्यायला तयार नव्हते. अन्नावरची वासना उडाली होती, अर्धी पोळी खाऊन ताट सारायचे. मला देवाकडे एकच मागायचं होतं, की या माणसाने एकदा तोंडाने म्हणावं की मुलगा गेला, आणि रडावं. नाहीतर आतल्या आत हा माणूस संपेल, हे मला दिसत होतं.

म्हणून त्या बाईंनी जेव्हा लिहिलं की मी तुमच्यासाठी एक चित्र पाठवतेय, तेव्हा मी त्या चित्रावर फार मोठी आशा ठेवली होती. आणि बाबा म्हणाले, सावली चुकलीय.

चहा घेऊन मी त्यांच्याशेजारी बसले आणि चित्र पाहिलं.

दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढं ते होतं. तैलरंग, जाड, सुरीने ओढल्यासारखा. एक दुधी रंगाचं टेबल. त्यावर निळ्या काठाचा चिनी मातीचा चंबू, एका वाटग्यात दोन तपकिरी अंडी, अर्धं कापलेलं लिंबू आणि फुलपात्र. मागची भिंत आणि टेबल यांच्यातली रेघ जवळजवळ पुसलेली. टेबल आपल्याकडे उतरत असल्यासारखं वाटत होतं. सगळं अगदी थोडक्यात काढलेलं, पण लिंबाकडे बघून तोंडाला पाणी सुटत होतं. फुलपात्राच्या पोटावर बारीक ओरखडे होते. मी वाकून पाहिलं. ते भावाचं नाव होतं. बाईंना आपली अक्षरं येत नव्हती, पण त्यांनी रेघ न् रेघ बघून उतरवली होती आणि नाव वाचता येत होतं.

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

सोबत चार ओळींचं पत्र होतं. मी ते मराठीत करून बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं हे टेबल आहे, चित्र तो असतानाच सुरू केलं होतं आणि नंतर पुरं केलं, 'तो या चित्रात आहे, म्हणून ते तुमच्याकडे असावं.' नावाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "बाबा, बघा ना, हा इथे आहे."

"नाव बरोबर उतरवलंय," बाबा म्हणाले. "टेबल उतरतंय, अंडी घरंगळतील. ते चालेल, हल्ली तसं काढतात. पण ही सावली बघ. खिडकी डावीकडे आहे ना? चंबूची सावली उजवीकडे पडलीय, अंड्यांची उजवीकडे. बरोबर. मग ही कुठली?"

खरंच होती. चित्राच्या डाव्या कडेतून एक रुंद, निळसर करडा पट्टा टेबलावर आला होता, वाटग्याच्या कडेवरून एका अंड्यावर चढला होता आणि फुलपात्राच्या बुडाशी येऊन थांबला होता. ती पाडणारी वस्तू चित्रात कुठेच नव्हती.

"वस्तू नाही आणि सावली आहे," बाबा म्हणाले. "असं कुठे असतं?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. ज्याची सावली, ती वस्तू कागदावर पाहिजे. नाहीतर मार्क गेले.

चौकटीसाठी मी नारायण पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदार माझ्यापेक्षा मोठे, चष्मा नाकाच्या टोकावर. मी म्हटलं, काच लावा, धूळ बसायला नको. ते म्हणाले, "ऑइलला काच लावत नाहीत. तुम्हाला लावायचीच असेल तर पुण्यात माझ्याशिवाय पुष्कळ दुकानं आहेत." मी काचेचा विषय सोडला. चौकट मात्र त्यांनी सुंदर केली, बिनकाचेची, साध्या सागवानाची. ती काच मी हट्टाने लावून घेतली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

चित्र गॅलरीच्या दाराशेजारच्या भिंतीवर लागलं. बाबा रोज त्याच्यासमोर बसायचे. पेपर हातात, नजर सावलीवर. जेवताना म्हणायचे, "तिला पत्राने कळवायला हवं." चालताना थांबून म्हणायचे, "एवढी चांगली बाई, आणि एवढं कसं सुटलं?" मी म्हणायचे, बाबा, सोडा आता. मी सरकारी नोकर. दुसऱ्याच्या कागदावर शेरे मारणं हाच माझाही धंदा, तरी मला हे असह्य होत होतं. पोटचा पोरगा गेला त्याची सावली तुमच्यावर पडत नाही आणि या एका करड्या पट्ट्याने तुमची झोप उडते, असं एकदा मी बोलूनही गेले. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

एका शुक्रवारी मी घरी आले तर टेबलावर पोस्टर कलरच्या बाटल्या. बाबांची जुनी लाकडी पेटी उघडी. वाटीत गढूळ पाणी. आणि चित्रातली सावली नव्हती.

टेबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लख्ख दुधी. अंडं पूर्ण तपकिरी, वरती चमकेचा एक ठिपका. फुलपात्राचं बूड मोकळं. रंग इतका जुळवला होता की मला माहीत नसतं तर कळलं नसतं.

"रंग धरत नव्हता," बाबा म्हणाले. "ऑइलवर पोस्टर धरत नाही. मग साबणाचा एक थेंब घातला. पोरांना शिकवायचो ना, मेणावर रंगवताना." ते खूश होते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हाताला रंग लागला होता, कानाच्या पाळीलाही लागला होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, जन्मभर त्याच्या कागदात हात घातलात, तो मेला तरी सोडला नाहीत. 'मेला' हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा उच्चारला. बाबांनी ब्रश धुतले, फडक्याला पुसले, टोकं ओठांनी सारखी केली आणि पेटीत ठेवले. "चूक होती," म्हणाले. "नीट केली."

आठवडाभर आमचं बोलणं पाऊस आणि विजेचं बिल यांच्यापुरतं राहिलं.

विचित्र गोष्ट अशी की बाबा सुधारले. पूर्ण पोळी खाऊ लागले. झोप लागू लागली. सोसायटीतल्या लोकांना बोलावून चित्र दाखवू लागले, "तो तिकडे ज्यांच्याकडे असतो ना, त्या बाईंनी पाठवलंय." मी बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, जाऊ दे, एका पट्ट्याच्या बदल्यात माणूस जेवायला लागला.

पण त्या बाईंना मी भिंतीवरच्या चित्राचा फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. त्यांनी दोनदा आठवण केली. खोटं बोलायचं तर चित्राचा जुना फोटो पाठवता आला असता, पण ते जमेना. शेवटी मी लांबलचक ईमेल लिहिली. माझे वडील चित्रकलेचे शिक्षक आहेत, वय चौऱ्याऐंशी, त्यांना ती सावली चुकीची वाटली आणि त्यांनी ती रंगवून टाकली. माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी ते ऑफिसात, फायलींच्या ढिगाआड वाचलं.

त्यांनी लिहिलं होतं की वडिलांनी रंगवलं याचा त्यांना राग नाही. पण ती सावली कुणाची हे पत्रात सांगायचं राहिलं, कारण त्यांना वाटलं होतं की आम्हाला दिसेल. त्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी टेबलावर वस्तू मांडल्या आणि भावाचं फुलपात्र उसनं मागून घेतलं. म्हणून तो त्यांच्या मगातून चहा प्यायचा आणि चव लागत नाही म्हणून रोज कुरकुरायचा. आणि रोज सकाळी कामाला जाण्याआधी तो त्यांच्या खिडकीत उभा राहून रस्त्याकडे बघत चहा प्यायचा. त्यांचा नेमका उजेड अडायचा. त्या रोज ओरडायच्या, तो बाजूला व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. शेवटी कंटाळून त्यांनी एका सकाळी त्याची सावली जशी टेबलावर पडली तशी रंगवली. तो गेला त्याच्या चार दिवस आधी. पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'नंतर सगळा उजेड माझा एकटीचा झाला. चित्र पुरं केलं, पण तेवढी जागा मला झाकता आली नाही.'

मी वॉशरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडले.

म्हणजे 'तो या चित्रात आहे' याचा अर्थ ते नाव नव्हतं. खिडकीत उभा असलेला माझा भाऊ त्या टेबलावर होता, आणि बाबांनी त्याला पोस्टर कलरने झाकलं होतं.

आता हे बाबांना सांगायचं कसं? जो माणूस आत्ता कुठे जेवायला लागला, त्याला सांगायचं की तुम्ही स्वतःच्या हाताने मुलाला पुसलंत? आणि सांगायचं नाही, तर मी रोज त्या भिंतीपुढे बसून जेवू कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी नारायण पेठेत गेले. दुकानदारांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "पोस्टर आहे तोवर काळजी नाही. खाली वार्निश आहे. ओल्या कापसाने अलगद पुसा, आख्खं निघेल. नाही पुसलंत तर आपोआप पापुद्रे पडतील. फक्त गम घालू नका. गम घातला तर मग माझ्याकडे येऊ नका."

मी तीन आठवडे काहीच केलं नाही. सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून केलं नाही, त्याला दुसरं नाव नको.

मग पापुद्रे पडायला लागले. एका शनिवारी बाबांना जमिनीवर तपकिरी रंगाचा कपचा सापडला. अंड्यावरचा. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"साबण कमी पडला," ते म्हणाले. "उद्या दुसरा हात देतो. येताना पांढऱ्या गमची बाटली आण. गम घातला की शंभर वर्षं निघत नाही."

मी बाजारात गेले, भाजी घेतली, कोथिंबीर घेतली. गम घेतला नाही.

रविवारी सकाळी बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बाटल्या मांडल्या, चित्र भिंतीवरून काढून खुर्चीत बसवलं. "गम?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, आधी एक वाचून दाखवते. मग तुम्हाला वाटेल ते करा."

मोबाइलवरची ईमेल मी मराठीत करून वाचली. मगातल्या चहापाशी ते किंचित हसले. 'खिडकीत' हा शब्द आल्यावर त्यांचं हसू थांबलं. 'बाजूला व्हायचा आणि पुन्हा तिथेच' इथे मला पुढे वाचता येईना, पण मी वाचलं, शेवटपर्यंत.

बाबा चित्राकडे वळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मले पहिले काऊन नाही सांगतलं?"

साठ वर्षं पुण्यात शुद्ध बोलून काढलेला माणूस. आई गेली तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडून गावाकडचं बोलणं आलं नव्हतं.

"मलाही माहीत नव्हतं, बाबा. नंतर कळलं. कळल्यावर मी भ्यायले."

त्यांनी मान हलवली. "वाटीत पाणी आण. अन् कापूस."

मी म्हटलं, मी पुसते. त्यांनी ऐकलं नाही. कापूस पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा पिळला, आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली. ताप आलेल्या मुलाचं अंग पुसतात तसं अगदी हलक्या हाताने. दुधी रंग कापसावर आला. खालून करडा पट्टा दिसायला लागला. बाबांनी बोळा बदलला. वाटग्याची कड, मग अंडं, मग फुलपात्राचं बूड. चौथ्या बोळ्याला काहीच आलं नाही, तरी ते पुसत होते.

"निघालं, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. सावली होती तशीच होती. आता बघितलं तर तिला खांद्याचा उतार होता. झाकण्याआधी इतके दिवस आम्ही दोघं रोज बघत होतो आणि आम्हाला तो दिसला नव्हता.

"पोरगं उजेडात उभं होतं," बाबा म्हणाले. "जनमभर मी त्याले म्हटलं हट तिथून. अन् तिथंच उभं होतं ते." त्यांनी हातातला बोळा खाली ठेवला. "गेलं माय माझं पोरगं. गेलं."

आमच्या वर्ध्याकडे लेकीला माय म्हणतात. मला त्यांनी लहानपणानंतर तसं कधी म्हटलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून मोठ्याने रडत होता आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. बरंच रडून झाल्यावर त्यांनी कापसाचे ओले बोळे गोळा केले आणि विचारलं, त्याचा एखादा बरा फोटो आहे का तुझ्याकडे. मी म्हटलं, आहे.

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं. रंगांची पेटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली. ती यंदा एलिमेंटरीला बसतेय. ती चित्रं दाखवायला येते तेव्हा बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून बघतात, आणि त्यांना किती कष्ट पडतात ते मला दिसतं.

चित्र पुन्हा गॅलरीच्या दाराशेजारी लागलं आहे. फोटोही लावला, त्याच भिंतीवर, थोडा लांब.

परवा सकाळी बाबा दारासमोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी चहा घेऊन गॅलरीच्या दारात उभी होते आणि खाली दूधवाल्याशी कोण भांडतंय ते बघत होते. माझी सावली त्यांच्या पेपरवर पडली होती. ते लक्षात आलं तशी मी सवयीने अंग चोरून बाजूला झाले.

"कुठे चाललीस?" बाबा म्हणाले.

"उजेड अडला तुमचा."

त्यांनी पेपर खाली केला नाही. "अडू दे," ते म्हणाले. "उभी राहा तिथेच."

चहा संपला तरी मी तिथेच उभी राहिले.